फर्नेस चालू, पंखाही चालू, मग हवा गार का?

घर तापवणारी फर्नेस घरघरतेय, पंखा फिरतोय, जाळीतून हवाही जोरात येतेय, पण ती गार. रीसेट केलं की दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. ही तक्रार ऐकायला एकच वाटते, पण तिच्यामागे दहा-बारा वेगवेगळे दोष असू शकतात आणि त्यातले निम्मे तरी कुठलाही भाग न बदलता जातात. म्हणून आधी पाना-पक्कड बाजूला ठेवा. घड्याळ घ्या आणि एवढंच बघा की हवा गार कधी होते. पहिल्या क्षणापासून गारच असते? पाच-दहा मिनिटं चांगली गरम येऊन मग गार पडते? की फर्नेस थांबता थांबता? या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या कारणांकडे बोट दाखवतात. घड्याळ न लावता जो माणूस थेट इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) मागवतो, त्याच्याकडे वर्षअखेरीस चांगल्या स्थितीतल्या जुन्या भागांचा साठा होतो, फर्नेस मात्र तशीच राहते.

पुढचं सगळं मुख्यतः गॅसवर चालणाऱ्या आणि डक्टमधून, म्हणजे हवेच्या मोठ्या नळांतून, घरभर हवा फेकणाऱ्या फर्नेसबद्दल आहे.

मुळात बिघाड आहे का?

थर्मोस्टॅटवर पंख्याचं एक बटण असतं: 'ऑन' आणि 'ऑटो'. ते 'ऑन'वर असलं तर बर्नर विझलेला असतानाही पंखा चोवीस तास फिरत राहतो आणि मधल्या वेळात खोलीचीच हवा अंगावर फेकतो. ती हवा गारच वाटणार. घरात पाहुणे, मुलं किंवा उन्हाळ्यात एसी चालवताना आपण स्वतःच ते बटण सरकवलेलं असतं आणि मग कुणाच्या लक्षात राहत नाही. 'ऑटो' करा आणि तासभर वाट बघा.

दुसरी गोष्ट वेळेची. बर्नर पेटल्यावर पंखा लगेच सुरू होत नाही. आतला हीट एक्सचेंजर, म्हणजे ज्योतीची ऊब हवेला देणारा पत्र्याचा भाग, तापावा म्हणून तो साधारण ३० ते ४५ सेकंद थांबतो. तरीही डक्टमध्ये साचलेली गार हवा आधी बाहेर पडते, त्यामुळे लांबच्या खोलीत पहिलं अर्धं-एक मिनिट गार झोत येणं स्वाभाविक आहे. तसंच खोली हवी तेवढी तापली की गॅस बंद होतो, पण उरलेली ऊब वाया जाऊ नये म्हणून पंखा आणखी दीड ते तीन मिनिटं चालतो. त्या शेवटच्या मिनिटातली हवा कोमट ते गार असते. या दोन्ही वेळांना बिघाड म्हणू नका.

तिसरी शक्यता अशी की घरात फर्नेस नाहीच, हीट पंप आहे, म्हणजे बाहेरची ऊब आत आणणारं एसीसारखं यंत्र. त्याची हवा साधारण ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असते आणि आपल्या हाताची कातडीही ३३ अंशांच्या आसपास, त्यामुळे हीट पंप व्यवस्थित चालू असतानाही हाताला 'ऊब नाही' असंच वाटतं. शिवाय बाहेरच्या युनिटवर बर्फ धरला की तो वितळवण्यासाठी पंप काही मिनिटं उलटा चालतो आणि मग घरात खरोखर गार हवा येऊ शकते. गॅस फर्नेसची हवा मात्र चांगली ४५ ते ६० अंशांची असते. हाताच्या अंदाजावर जाऊ नका. साधा थर्मामीटर फर्नेसजवळच्या जाळीत धरा, मग हवा परत ओढून घेणाऱ्या जाळीपाशी धरा आणि दोन्हींतला फरक काढा. फर्नेसच्या आतल्या पाटीवर 'टेंपरेचर राइज' म्हणून हा फरक किती असावा ते छापलेलं असतं. बहुतेकदा तो २० ते ३५ अंशांच्या दरम्यान असतो. तेवढा फरक पडत असेल तर फर्नेस तिचं काम करतेय, घोळ डक्टमध्ये आहे.

पेटण्याचा क्रम

हा क्रम एकदा डोक्यात बसला की दोष आपोआप जागेवर येतो. थर्मोस्टॅट २४ व्होल्टचा इशारा देतो. मग इन्ड्यूसर नावाचा छोटा पंखा सुरू होतो. तो जळलेला धूर बाहेर ढकलतो आणि त्याची घरघर तुम्हाला आधी ऐकू येते. धूर जायची वाट मोकळी आहे हे प्रेशर स्विच तपासतो. मग इग्नायटर लालभडक तापतो, गॅसचा व्हॉल्व्ह 'टक्' करून उघडतो, ज्योत पेटते. ज्योत खरंच पेटलीय याची खात्री फ्लेम सेन्सर काही सेकंदांत करतो. त्यानंतर मोठा ब्लोअर, म्हणजे घरात हवा फेकणारा पंखा. यातली एकही पायरी चुकली की कंट्रोल बोर्ड गॅस बंद करतो आणि पुन्हा सुरुवात करतो. ठरावीक वेळा फसलं की बोर्ड रुसून बसतो, त्याला लॉकआउट म्हणतात. बऱ्याच बोर्डांवर लॉकआउट तासा-दोन तासांनी आपोआप उठतो. 'फर्नेस मधेच आपोआप बरी होते' या कोड्याचं उत्तर बहुतेकदा हेच. काही बोर्ड तर लॉकआउटच्या काळात ब्लोअर चालूच ठेवतात, म्हणून गार हवा.

फर्नेसच्या दारातल्या छोट्या काचेतून आतला एलईडी लुकलुकताना दिसतो. तो किती वेळा लुकलुकून थांबतो ते मोजा आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात बघा. ही मोजणी वीज बंद करण्याच्या आधी करा. रीसेट केलं की काही बोर्डांवरचा कोड पुसला जातो आणि पुन्हा तो दोष उगवेपर्यंत बसून राहावं लागतं.

पाच-दहा मिनिटं गरम, मग गार, मग परत गरम

हे जवळजवळ नेहमीच लिमिट स्विचचं काम, आणि स्विच बिचारा निर्दोष असतो. हीट एक्सचेंजरभोवती हवा कमी पडली की तो फार तापतो. लिमिट स्विच ते ओळखून गॅस तोडतो आणि आतलं तापमान उतरावं म्हणून ब्लोअर चालूच ठेवतो. म्हणजे त्या वेळी येणारी गार हवा फर्नेसचा जीव वाचवत असते. थंड झालं की स्विच आपोआप जुळतो, बर्नर पेटतो आणि चक्र पुन्हा सुरू. असं आठवडेच्या आठवडे चाललं तर वारंवार तापून आणि निवून हीट एक्सचेंजरच्या पत्र्याला भेगा पडतात आणि मग खर्च फिल्टरचा राहत नाही.

हवा का कमी पडते, याचं पहिलं कारण फिल्टर. तो बाहेर काढा आणि दिव्यासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर बाकी काही तपासायची गरजच नाही. एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा लागतो, घरात कुत्रा-मांजर असेल तर लवकरच. फिल्टरच्या चौकटीवरचा बाण ब्लोअरच्या दिशेला हवा.

आणि इथे एक गोष्ट जी दुकानात कुणी सांगत नाही. मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो याचा आकडा. 'जास्त मर्व्ह म्हणजे जास्त चांगला' असं समजून लोक एक इंची जागेत मर्व्ह १३चा दाट फिल्टर घालतात. तो धूळ उत्तम अडवतो, पण इतक्या कमी पृष्ठभागातून हवा ओढताना काही ब्लोअर दमतात. फिल्टर बदलल्यापासूनच ही तक्रार सुरू झाली असेल, तर नवा फिल्टरच संशयित धरा. पडताळणी सोपी आहे: फिल्टर काढून फर्नेस पंधरा-वीस मिनिटं चालवा. एवढ्या वेळात ब्लोअरवर फार धूळ बसत नाही. चक्र बंद झालं तर कारण सापडलं. दाट फिल्टर हवाच असेल तर चार-पाच इंची जाड चौकट बसवून घ्यावी लागते.

फिल्टर कोरा असूनही चक्र चालूच राहिलं तर घरातल्या बंद जाळ्या मोजा. न वापरल्या जाणाऱ्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून गॅस वाचतो असा समज घट्ट आहे. प्रत्यक्षात चार-पाच जाळ्या बंद केल्या की ब्लोअरसमोर भिंत उभी राहते. परत हवा ओढणाऱ्या जाळीसमोर सोफा किंवा कपाट सरकवलंय का तेही बघा. त्याही पुढे फर्नेसच्या वर बसवलेलं एसीचं कॉइल असतं. त्याच्या खालच्या अंगाला वर्षानुवर्षांचा धुळीचा थर जमतो आणि तो बाहेरून दिसतच नाही. ते आणि ब्लोअरच्या पात्यांमधली धूळ काढणं हे तंत्रज्ञाचं काम.

पेटते आणि लगेच विझते

काचेतून बघा. निळी ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसर पळत जाते, सगळे बर्नर पेटतात, तीन ते सात सेकंद जातात आणि 'टक्', अंधार. मग इन्ड्यूसर घरघरतो आणि परत तेच. हे दृश्य दिसलं की फ्लेम सेन्सर. वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारींत माझ्या मते याचाच नंबर पहिला लागतो.

सेन्सर म्हणजे चिनीमातीच्या बुंध्यातून निघालेली एक पातळ धातूची सळई. ती थेट ज्योतीत उभी असते. ज्योतीतून अगदी क्षीण वीज वाहू शकते आणि ती एकाच दिशेला वाहते. बोर्ड ती वीज मोजतो. मायक्रोअँपिअरमध्ये एक ते सहाच्या दरम्यान आकडा असला तर ठीक, अर्ध्याच्या आसपास आला की बोर्ड ठरवतो 'ज्योत नाही' आणि गॅस बंद करतो. सळईवर राखेसारखा पातळ, पांढुरका थर चढला की ज्योत डोळ्यांसमोर जळत असूनही बोर्डाला ती दिसत नाही.

साफ करायला पाच मिनिटं लागतात. वीज आणि गॅस दोन्ही बंद करा, एकच स्क्रू काढा, वायर ओढून सोडवा आणि सळई सरळ बाहेर काढा. बारीक स्टील वूल किंवा भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने हलक्या हाताने पुसा. खरखरीत सँडपेपर नको, त्याने ओरखडे पडतात आणि त्यात थर आणखी लवकर धरतो. शेवटी कोरड्या कापडाने पुसून धातूचा भाग बोटाने न धरता परत बसवा. चिनीमातीचा बुंधा फिरवून बघा, त्याला केसासारखी तडा असेल तर साफ करून उपयोग नाही, नवा सेन्सर घ्या. तो स्वस्तच असतो, फक्त सळईचा बाक तुमच्या मॉडेलचाच हवा.

आता खरा प्रश्न. साफ केला, महिनाभर चालला, परत तेच. तिसऱ्या वेळी घासायला बसण्याआधी अर्थिंग बघा. सेन्सरची वीज ज्योतीतून बर्नरच्या धातूत आणि तिथून अर्थच्या वायरने बोर्डाकडे परत जाते. बर्नरच्या स्क्रूवर गंज असेल, बोर्डाचा अर्थचा स्क्रू सैल असेल किंवा फर्नेसच्या पुरवठ्यात फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर सेन्सर लखलखीत असूनही आकडा कमीच येतो. घरात नुकतंच वायरिंगचं काम झालं असेल तर हा संशय आधी घ्या. ज्योत सळईला नीट वेढतेय का तेही पाहण्यासारखं आहे. बर्नरच्या तोंडाशी गंजाचे पापुद्रे पडले की ज्योत बाजूला झुकते.

आणि ती हवा, जी फर्नेस जाळण्यासाठी घेते. ती तळघरातल्या त्याच खोलीतून येत असेल जिथे रंगाचे डबे, ब्लीच, फवारे आणि कपड्यांचा ड्रायर आहे, तर ते सगळं ज्योतीतून जातं. सिलिकॉनयुक्त फवाऱ्यांची वाफ जळून सळईवर सिलिकाचा थर बसतो आणि ब्लीचमधला क्लोरीन हीट एक्सचेंजर गंजवतो. भिंतींचं प्लास्टर घासायचं काम चालू असतानाही तेच. अशा घरात सेन्सर बदलत बसण्यापेक्षा ती खोली रिकामी करणं जास्त फळतं.

पेटतच नाही

इन्ड्यूसर चालू होतो आणि पुढे काहीच होत नाही, असं असेल तर प्रेशर स्विच जुळत नाहीये. स्विच क्वचितच खराब असतो, त्याला जे कळतंय ते बहुतेकदा खरं असतं: धूर जायची वाट अडलीय. बाहेर जाऊन पाइपचं तोंड बघा. बर्फ साचतो, पानं अडकतात, पक्षी घरटं करतात. ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये धूर इतका निवतो की त्यातलं पाणी सुटतं आणि ते ट्रॅपमधून, म्हणजे निचऱ्याच्या वाटेवरच्या पाणी धरणाऱ्या भांड्यातून, वाहून जावं लागतं. ट्रॅप शेवाळाने भरला किंवा निचऱ्याची नळी बाहेर गोठली की पाणी आत चढतं आणि प्रेशर स्विच उघडाच राहतो. इन्ड्यूसर चालू असताना आत गुळगुळ आवाज येत असेल तर हेच. ट्रॅप काढून कोमट पाण्याने धुवा आणि परत बसवताना पाणी भरून ठेवा. स्विचकडे जाणारी रबराची बारीक नळीही काढून बघा, तिच्यात थेंबभर पाणी अडकलं किंवा टोकाला चीर पडली तरी पुरतं. फक्त वाऱ्याच्या किंवा कडाक्याच्या थंडीच्या रात्रीच फर्नेस अडते, दिवसा नाही, असं असेल तर या पाइपांशिवाय दुसरीकडे शोधू नका.

इन्ड्यूसर चालला, धुराची वाटही मोकळी आहे, पण इग्नायटर लाल झालाच नाही, तर तो बहुधा तुटलाय. पट्टीवर पांढरा डाग किंवा तडा दिसते, मल्टिमीटरवर सर्किट खुलं दाखवतं. नवा बसवताना पट्टीला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून तिथेच तडा जाते. इग्नायटर लाल होतो पण गॅसच येत नाही, तर आधी गॅसच्या पाइपवरचा दांडा बघा. तो पाइपला समांतर म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. प्रोपेनची टाकी असेल तर काटा. स्वयंपाकघरातली शेगडी पेटतेय का तेही बघा, बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

काहीच हलत नसेल, इन्ड्यूसरही नाही, तर थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या, ब्रेकर, फर्नेसशेजारचा दिव्याच्या बटणासारखा दिसणारा स्विच आणि दाराचा सेफ्टी स्विच. फिल्टर बदलल्यावर खालचं दार नीट दाबून बसवलं नाही की फर्नेस मुकी होते. बोर्डावर गाडीत असतो तसा एक छोटा फ्यूज असतो, जांभळा म्हणजे ३ अँपिअर, फिकट तपकिरी म्हणजे ५. तो परत परत उडत असेल तर बहुधा थर्मोस्टॅटची वायर कुठेतरी सोलवटलीय. मोठा फ्यूज घालून पुढे जाऊ नका, मग ट्रान्सफॉर्मर जळतो.

जुन्या फर्नेसमध्ये पायलट नावाची छोटी ज्योत सतत जळत असते. ती वारंवार विझत असेल तर बहुधा थर्मोकपल, म्हणजे त्या ज्योतीत तापून थोडी वीज देणारा भाग, थकलाय. चांगला थर्मोकपल तापल्यावर २५ ते ३० मिलिव्होल्ट देतो.

नवा थर्मोस्टॅट लावल्यापासून

हा दोष फर्नेसचा नाहीच. स्मार्ट थर्मोस्टॅट बसवताना 'हीटिंगचा प्रकार' विचारतो, आणि तिथे गॅस फर्नेसऐवजी हीट पंप निवडला गेला की तो गरम हवेसाठी एसीचा कॉम्प्रेसर सुरू करतो. म्हणजे थंडीत एसी. उलट, घरी खराच हीट पंप असेल आणि ओ/बी वायरची (पंपाला गरम की गार ते सांगणारी) दिशा चुकीची निवडली असेल तर गरम मागितलं की गार आणि गार मागितलं की गरम. दोन्ही दुरुस्त्या सेटिंगमध्येच होतात. फर्नेसला गरम करायचा इशारा देणारी डब्ल्यू वायर तिच्याच खाचेत घट्ट बसलीय का, तेवढं बघा.

एकच खोली गार

बाकी घर गरम आणि एकच खोली गार असेल तर फर्नेस सोडा, डक्ट धरा. माळ्यावरून किंवा घराखालच्या पोकळीतून जाणाऱ्या डक्टचा सांधा सुटला की गरम हवा तिकडे जाते. परतीच्या डक्टला भोक पडलं तर बाहेरची गार हवाच आत ओढली जाते आणि मग सगळंच घर कोमट होतं. सांधे डक्ट टेपने नव्हे, मॅस्टिकच्या लेपाने किंवा ॲल्युमिनियमच्या फॉइल टेपने बुजवा. नावात डक्ट असलं तरी कापडी डक्ट टेप उष्णतेने सुटते.

जिथे हात लावायचा नाही

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा. ज्योत निळ्याऐवजी पिवळी, आळशी दिसत असेल, फर्नेसवर काजळी असेल किंवा ब्लोअर सुरू होताच ज्योत नाचायला लागत असेल, तर हीट एक्सचेंजरला भेग असू शकते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला ना रंग ना वास. सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखणं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं ही त्याची खूण. झोपण्याच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म असायलाच हवा.

बर्नरपाशी एक रोलआउट स्विच असतो, त्याला छोटं बटण असतं आणि ते हाताने दाबावं लागतं. तो उडाला याचा अर्थ ज्योत जागा सोडून बाहेर आली होती. बटण दाबून फर्नेस चालू होते म्हणून कारण शोधायचं सोडू नका. लिमिट, प्रेशर किंवा रोलआउट स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून 'चालवून बघायचा' सल्ला कुणी देत असेल, तर तो माणूस तुमच्या घरात झोपणार नाहीये हे लक्षात ठेवा. तेलाच्या फर्नेसवरचं लाल रीसेट बटण एकदाच दाबायचं. प्रत्येक दाबण्याबरोबर न जळलेलं तेल आत साचतं आणि शेवटी पेटतं तेव्हा सगळं एकदम पेटतं.

तंत्रज्ञ बोलवायची वेळ आलीच तर त्याला 'गार हवा येते' एवढंच सांगू नका. इन्ड्यूसर सुरू होतो का, ज्योत किती सेकंद टिकते, एलईडी किती वेळा लुकलुकतो, फिल्टर कधी आणि कोणता लावला, आणि शक्य असेल तर काचेतून काढलेला एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ. तो यायच्या आधी रीसेटही करू नका. फर्नेस त्याच्यासमोर नीट चालली तर तो फिल्टर बघून निघून जाईल, आणि त्याच रात्री ती परत अडेल.